साखळीचा ड्रायव्हर, लिथुआनियाची गाडी, जर्मनीचा रस्ता

गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीतले, खाणींचा माल वाहणारे टिपर २०१२ मध्ये पहिल्यांदा जागेवर थांबले. मधे खाणी थोड्या सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. कुणी टिपर मिळेल त्या भावात काढला, कुणी चिरे-खडी वाहू लागला, कुणी आखात गाठले. आता चौकशी होते ती युरोपची. पोलंड, लिथुआनिया, पोर्तुगाल इथल्या वाहतूक कंपन्यांना ड्रायव्हर हवेत, हे खरेच आहे. एजंट पगाराचा आकडा युरोत सांगतो आणि मोबाइलवर चकचकीत ट्रकचा फोटो दाखवतो. तिथला कायदा काय मागतो, हे मात्र बऱ्याच जणांना रस्त्यावर पहिली तपासणी होते तेव्हाच कळते.

हा कायदा किचकट वाटतो, कारण एकाच केबिनमध्ये तीन देश बसलेले असतात. गाडी लिथुआनियात नोंदलेली, रस्ता जर्मनीचा आणि स्टिअरिंगवर गोव्यातल्या साखळी गावचा माणूस. गाडीला एक नियम, मालाला दुसरा, माणसाला तिसरा. हे तीन धागे सुटे केले की गुंता बराच कमी होतो.

आधी माल

परदेशी गाडीला दुसऱ्या देशात माल आणून टाकायला किंवा तिथला माल उचलून बाहेर न्यायला सहसा अडचण नसते. खरी अडचण त्या देशातल्या देशात भाडे मारण्याची. लिथुआनियाच्या गाडीने म्युनिकमध्ये माल भरायचा आणि हँबुर्गला उतरवायचा, या प्रकाराला कॅबोटाज म्हणतात आणि त्यावर कडक मर्यादा आहे.

आपल्याला हे नवीन वाटायचे कारण नाही. नॅशनल परमिटच्या कर्नाटकी गाडीने वेर्ण्यात माल उचलून म्हापशात उतरवायचा नाही, हे आपल्याकडच्या केंद्रीय मोटर वाहन नियमांतही आहे. आणि कायद्याच्या आधीपासून आपल्या गावांनी ते पाळून घेतले आहे. गावच्या खाणीचा माल गावच्याच ट्रकांनी वाहायचा, बाहेरची गाडी आली तर रस्ता अडवायचा, यावरून डिचोली तालुक्यात किती वेळा तापले ते इथे कुणाला सांगायला नको. युरोपने तेच भांडण कागदावर घातले आणि त्याला आकडे लावले.

आकडे असे. बाहेरून आणलेला माल पूर्ण उतरवल्यावर त्या देशात सात दिवसांत जास्तीत जास्त तीन अंतर्गत फेऱ्या मारता येतात. तिसरा माल सातव्या दिवसाच्या आत उतरलाच पाहिजे. त्यानंतर तीच गाडी चार दिवस त्या देशात अंतर्गत भाडे करू शकत नाही. ही चार दिवसांची अट २१ फेब्रुवारी २०२२ पासून आली. त्याआधी कंपन्या एक युक्ती करायच्या. तीन फेऱ्या झाल्या की गाडी सीमेपलीकडे नेऊन एखादा माल घेऊन परत आणायची आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू. गाडी नावाला परदेशी, धंदा बारा महिने जर्मनीत. त्याच सुधारणेत गाडीने दर आठ आठवड्यांनी आपल्या देशात परतलेच पाहिजे, अशीही अट होती. पूर्वेकडच्या देशांनी त्याविरुद्ध दाद मागितली. नुसत्या परतण्यासाठी रिकाम्या गाड्या पळवायच्या का, हा त्यांचा सवाल होता. युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ती अट रद्द केली. एजंटकडचे जुने पत्रक वाचून कुणी अजून ती सांगत असेल तर माहिती शिळी आहे.

ब्रिटनचा हिशेब वेगळा. युरोपीय संघ सोडल्यानंतरच्या करारात युरोपच्या गाडीला तिथे सात दिवसांत दोनच अंतर्गत फेऱ्या मिळतात. २०२१ च्या शरद ऋतूत ब्रिटनमध्ये ड्रायव्हरांचा इतका तुटवडा पडला की २८ ऑक्टोबर २०२१ ते ३० एप्रिल २०२२ पर्यंत तिथल्या सरकारने ही मर्यादा सैल केली आणि चौदा दिवस हव्या तेवढ्या फेऱ्या मारू दिल्या. गरज पडली की पाहुण्याला जेवायला बसवतात, गरज सरली की ताट उचलतात. धंद्याचे नियम सगळीकडे असेच चालतात.

ड्रायव्हरच्या दृष्टीने यातला मुद्दा एकच: फेऱ्या कंपनी ठरवते, पण तपासणीत कागद दाखवतो तो ड्रायव्हर. प्रत्येक मालाची बिल्टी, म्हणजे तिकडची सीएमआर नोट, गाडीत हवी. माल कुठे भरला, कुठल्या तारखेला उतरवला, हे त्यावरून मोजले जाते. बिल्टी नसेल तर ती फेरी नियमात बसते हे सिद्ध करता येत नाही.

मग तास

इथे आपल्या माणसाला सर्वांत मोठा धक्का बसतो. आपल्याकडे कायदे नव्हते असे नाही. १९६१ च्या मोटर परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास ठरवून दिले होते. पण वास्कोहून बंगळूरला गाडी नेणाऱ्या कुणाचे तास कोण मोजत होते? २०१८ पर्यंत नॅशनल परमिटच्या गाडीत दोन ड्रायव्हर सक्तीचे होते, तेव्हाही दुसरा बहुधा कागदावरच असायचा.

युरोपात तास मोजणारा माणूस नसतो, यंत्र असते. केबिनमध्ये कार रेडिओएवढा एक डबा असतो, तो टॅकोग्राफ. ड्रायव्हरने आपले चिपचे कार्ड त्यात घातले की त्या क्षणापासून नोंद सुरू. डब्याच्या पडद्यावर चार चिन्हे येतात. स्टिअरिंग म्हणजे गाडी चालू, एकमेकांवर ठेवलेले दोन हातोडे म्हणजे माल भरणे, डिझेल घालणे, गाडी तपासणे अशी इतर कामे, तिरकी रेघ मारलेला चौकोन म्हणजे हजर आहे पण काम नाही, आणि खाट म्हणजे विश्रांती. गाडी हलली की स्टिअरिंग आपोआप येते. बाकीचे बटण ड्रायव्हरने स्वतः फिरवायचे. नवा माणूस चुकतो तो इथे. गाडी थांबवून तो माल उतरवत असतो आणि पडद्यावर खाट असते. यंत्राच्या लेखी त्याची विश्रांती झाली, तपासनीसाच्या लेखी त्याने खोटी नोंद केली.

नियम एका दिवसावर बसवून पाहू. समजा, सकाळी सहाला गाडी सुटली. सलग साडेचार तास चालवता येते, म्हणजे साडेदहापर्यंत. तिथे ४५ मिनिटे थांबणे आलेच. सव्वाअकराला निघालो तर पावणेचारपर्यंत आणखी साडेचार तास होतात. झाले नऊ तास, दिवसाचा कोटा संपला. आठवड्यातून दोन दिवस तो दहा तासांपर्यंत वाढवता येतो. तसा दिवस असेल तर पुन्हा ४५ मिनिटे थांबून साडेचार ते साडेपाच चालवता येईल. त्यानंतर माल उतरवायचा असेल तर संध्याकाळी सातपर्यंतच, कारण सुटल्यापासूनच्या २४ तासांत ११ तासांची अखंड विश्रांती पडली पाहिजे. दोन साप्ताहिक विश्रांतींच्या मधे तीन वेळा ती नऊ तासांवर आणता येते. तेवढे दिवस काम रात्री नऊपर्यंत ताणता येते.

४५ मिनिटांची फोड करता येते, पण क्रम ठरलेला आहे: आधी किमान १५ मिनिटे, नंतर किमान ३०. उलटे केले, आधी अर्धा तास जेवण आणि नंतर १५ मिनिटांचा चहा, तर कायद्याच्या लेखी ती विश्रांतीच नाही. आपल्याला हा हटवादीपणा वाटेल. पण यंत्राला कारणे समजत नाहीत आणि दंड यंत्राच्या छापील पट्टीवरून होतो. ट्रॅफिक जाम किंवा अपघातामुळे थांबायला सुरक्षित जागा मिळाली नाही, तर वेळ थोडा ओलांडायला कायद्यात वाट ठेवलेली आहे. मात्र थांबल्या थांबल्या पट्टी काढून तिच्या मागे हाताने कारण लिहायचे. नंतर तोंडी सांगितलेले कुणी ऐकत नाही.

आठवड्याचे ५६ तास आणि लागोपाठच्या दोन आठवड्यांचे मिळून ९० तास ही वरची मर्यादा. म्हणजे एका आठवड्यात ५६ ताणले तर पुढच्यात ३४ च उरतात. आठवड्याची पूर्ण विश्रांती ४५ तासांची. ती केबिनमध्ये झोपून काढता येत नाही. कंपनीने स्वतःच्या खर्चाने झोपायची रीतसर सोय करायची, हे २०२० च्या ऑगस्टपासून संपूर्ण युरोपीय संघात लागू आहे. शिवाय ड्रायव्हरला साधारण दर चार आठवड्यांनी घरी किंवा कंपनीच्या मुख्य ठिकाणी परतता येईल, असे काम आखणे कंपनीवर बंधनकारक आहे. इथे घर म्हणजे वाळपई असा अर्थ काढू नये. तिकीट काढून गोव्याला पाठवतील असे कायद्यात कुठेच लिहिलेले नाही.

पूर्वी तपासणीत चालू दिवस आणि मागचे २८ दिवस दाखवावे लागत. २०२४ च्या शेवटच्या दिवसापासून ते ५६ दिवस झाले. नव्या पिढीचा टॅकोग्राफ सीमा ओलांडली की ती वेळ आणि जागा स्वतःच टिपतो. पोलिसांना चालत्या गाडीतून काही माहिती दुरूनच वाचता येते, म्हणजे कुठली गाडी थांबवायची हे ती थांबण्यापूर्वीच ठरलेले असते. दुसऱ्याचे कार्ड घालून चालवणे हा सर्वांत गंभीर गुन्ह्यांत मोडतो. "आज माझे तास संपले, तुझे कार्ड दे" असे एखादा जुना सहकारी म्हणाला तर नाही म्हणायचे, मग तो गावचा असो की नात्यातला.

मला विचाराल तर या सगळ्यात ड्रायव्हरच्या बाजूचा साक्षीदार कुणी असेल तर तो हा डबाच. मालक "आणखी दोन तास मार" म्हणाला तर आपल्याकडे ड्रायव्हरला तोंडाने नाही म्हणावे लागते आणि नोकरी जाते. तिकडे त्याला पडद्याकडे बोट दाखवता येते.

पगार कुठल्या देशाचा?

एजंट हा भाग सांगत नाही. लिथुआनियाची कंपनी लिथुआनियाच्या दराने पगार देते. पण तिची गाडी जर्मनीत अंतर्गत फेरी करत असेल, किंवा जर्मनीतून फ्रान्सला माल नेत असेल, म्हणजे दोन्ही टोके कंपनीच्या देशाबाहेरची असतील, तर त्या कामापुरता ज्या देशात काम झाले तिथला किमान दर लागू होतो. २ फेब्रुवारी २०२२ पासून हा नियम आहे. कंपनीने आधीच ऑनलाइन घोषणा भरायची आणि तिची प्रत ड्रायव्हरकडे द्यायची. कागदावर असो की मोबाइलवर, चालते. लिथुआनियातून थेट जर्मनीत माल नेला, किंवा जर्मनीतून नुसते पार झाले, तर हा फरक मिळत नाही.

म्हणून कंपनीला विचारायचा प्रश्न "पगार किती" एवढाच नाही. त्यातला मूळ पगार किती आणि भत्ता किती, हेही विचारावे. पूर्वेकडच्या बऱ्याच कंपन्या मूळ पगार कमी ठेवतात आणि बाकीची रक्कम दिवसाच्या भत्त्यात दाखवतात. गाडी उभी राहिली, ड्रायव्हर आजारी पडला, की भत्ता बंद आणि हातात उरतो तो मूळ पगार. किलोमीटरमागे पैसे देऊन घाई करायला लावणे सुरक्षिततेला धोका ठरत असेल तर कायद्याने मना आहे.

नियम असले तरी पैसे मिळतातच असे नाही. २०२३ च्या वसंतात जर्मनीत डार्मस्टाटजवळच्या ग्रेफेनहाउझेन या हायवेवरच्या थांब्यावर जॉर्जिया आणि उझबेकिस्तानच्या ड्रायव्हरांनी एका पोलिश कंपनीच्या गाड्या उभ्या करून कित्येक आठवडे संप केला. कारण थकलेला पगार. मालक खासगी सुरक्षारक्षक घेऊन गाड्या सोडवायला आला, तेव्हा जर्मन पोलिसांनी त्यालाच रोखले. शेवटी पैसे द्यावे लागले. त्याच उन्हाळ्यात त्याच जागी दुसरा संप झाला. हे ड्रायव्हरही आपल्यासारखेच, युरोपीय संघाबाहेरून आलेले होते.

माणसाचे कागद

एकाच वाड्यावरचे दोघे घ्या. एकाच्या आजोबांचा जन्म पोर्तुगीज राजवटीत, १९६१ पूर्वी गोव्यात झालेला. त्या आधारावर त्याने लिस्बनमध्ये नोंदणी करून पोर्तुगीज पासपोर्ट काढला. दुसरा भारतीय पासपोर्टवर, कामाच्या व्हिसावर गेला. दोघे एकाच कंपनीत, एकाच बनावटीच्या गाडीवर. पहिल्याला युरोपीय नागरिक म्हणून व्हिसाचा प्रश्न नाही. दुसऱ्याला व्हिसा आणि वर्क परमिट तर हवेच, त्याशिवाय गाडीत मूळ प्रतीत एक खास दाखला ठेवावा लागतो: हा ड्रायव्हर आमच्या कंपनीत कायदेशीर नोकरीला आहे असा. हे ड्रायव्हर अटेस्टेशन. कंपनीच्या देशाचे सरकार ते कंपनीच्या नावावर देते, जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी. ते नसेल तर गाडी पुढे जात नाही. नोकरी सोडली की तो दाखला कंपनीकडेच राहतो, नव्या कंपनीला नवा काढावा लागतो. पोर्तुगीज पासपोर्टवाल्याला याचीही गरज नाही. अर्थात त्याने भारतीय नागरिकत्व सोडलेले असते, ती किंमत वेगळी.

लायसन्सबाबत मात्र दोघे एकाच पायरीवर. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओत हजार रुपयांत निघते आणि वर्षभर चालते, म्हणून "आयडीपी काढले की झाले" असे सर्रास सांगितले जाते. ते पाहुण्यांसाठी आहे. तिथे राहून नोकरी म्हणून ट्रेलर चालवायचा तर त्या देशाच्या नियमाप्रमाणे सीई वर्गाचे, म्हणजे ट्रेलर जोडलेल्या जड गाडीचे लायसन्स लागते. भारतीय लायसन्स बदलून मिळते की पुन्हा परीक्षा द्यावी लागते, हे प्रत्येक देश आपले ठरवतो. त्यावर व्यावसायिक पात्रता हवी. लायसन्सवर ९५ हा अंक छापलेला असतो तीच ती. पूर्ण कोर्स २८० तासांचा, जलद कोर्स १४० तासांचा, आणि नंतर दर पाच वर्षांनी ३५ तासांचे प्रशिक्षण. वीस वर्षे घाटात दहा चाकी गाडी चालवली, हा अनुभव तिथे हाताला उपयोगी पडतो, कागदाला नाही. या कोर्सचा आणि परीक्षेचा खर्च कोण करणार, तो पगारातून कापणार का, मधेच नोकरी सोडली तर परत मागणार का, हे करारात लिहून घ्यावे.

ब्रिटनचे वेगळे दुखणे

इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात आपली इतकी माणसे आहेत की पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे ब्रिटन, असे समीकरण गोव्यात अजून टिकून आहे. ३१ डिसेंबर २०२० नंतर ते राहिलेले नाही. आधीपासून तिथे राहणाऱ्यांनी सेटल्ड स्टेटस, म्हणजे तिथे कायम राहण्याचा हक्क घेतला असेल तर ठीक. नव्याने जाणाऱ्या पोर्तुगीज नागरिकालाही कामासाठी व्हिसा लागतो. युरोपच्या कंपनीची गाडी घेऊन माल टाकायला जाणे ही गोष्ट वेगळी, आणि तिथे एक भलतेच संकट उभे असते.

फ्रान्सच्या कॅले बंदराच्या आसपास लोक ट्रकमध्ये लपून ब्रिटनला जायचा प्रयत्न करतात. तुमच्या गाडीत असा माणूस सापडला तर फेब्रुवारी २०२३ पासून प्रत्येक माणसामागे दहा हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो मालकाबरोबर ड्रायव्हरलाही होतो. कुणी सापडले नाही, पण गाडी नीट बंद केलेली नव्हती, तरी सहा हजार पौंडांपर्यंत. "मला माहीत नव्हते" ही सबब चालत नाही. कुलूप, सील, ताडपत्रीची दोरी, छत आणि खालची बाजू हे प्रत्येक थांब्यानंतर तपासायचे आणि चेकलिस्टवर वेळ घालून लिहायचे. ती चेकलिस्टच बचाव. ताडपत्रीला एक बोटभर चीर दिसली तरी चढून आत पाहावे.

तासांचे नियम मोडले तर ब्रिटनमध्ये एका चुकीला तीनशे पौंडांपर्यंत आणि एका तपासणीत मागच्या पाच चुका मिळून दीड हजारापर्यंत दंड बसतो. ज्याचा ब्रिटनमध्ये पत्ता नाही त्याने पैसे तिथल्या तिथे जमा करायचे, नाहीतर गाडी जागेवर अडकते. गाडी तीन मीटरपेक्षा उंच असेल तर उंची केबिनमध्ये लिहिलेली हवी. पुलांवर फूट-इंच असतात आणि जुने रेल्वेपूल खरोखरच ठेंगणे आहेत. लंडनमध्ये बारा टनांवरच्या गाडीला ड्रायव्हरला किती दिसते यावर वेगळे परमिट आहे, परदेशी गाडीलाही. डाव्या बाजूने चालवणे तेवढे आपल्याला सोपे जाते.

बाकीचे थोडक्यात. युरोपात आंतरराष्ट्रीय फेरीला साधारण ४० टनांची एकूण मर्यादा, इंजिनाने फिरणाऱ्या ॲक्सलवर साडेअकरा टन, उंची चार मीटर. जर्मनीत साडेसात टनांवरच्या गाड्यांना रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी रात्री दहापर्यंत रस्ता बंद. फ्रान्समध्ये शनिवारी रात्री दहापासूनच. ऑटोबानवर, म्हणजे जर्मनीच्या हायवेवर गाड्यांना वेगमर्यादा नाही असे ऐकून जाल, तर ट्रकला ती ताशी ८० आहे. टोल गाडीतल्या यंत्रावरून कापला जातो, नाक्यावर उतरून कुणाशी बोलायचे नसते.

आता निघण्यापूर्वीचे. परदेशी नोकरी लावून देणारा एजंट केंद्र सरकारकडे नोंदलेला असावाच लागतो. त्याचे नाव ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. तो उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेऊ शकतो. लाखांत मागणी झाली तर पावतीवर काय लिहून देणार, ते आधी विचारा. टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर परमिट करून देऊ, असे कुणी म्हणाले तर तिथेच उठावे, कारण अटेस्टेशन अशा माणसाला मिळत नाही आणि त्याशिवाय चावी हातात घेतली तर पहिल्याच सीमेवर गाडी बाजूला लागते. करारावर कंपनीचे नाव, तिचा देश, मूळ पगार, भत्ता, कोर्सचा खर्च आणि साप्ताहिक विश्रांतीची सोय या गोष्टी लिहिलेल्या असाव्यात, आणि तो सही करण्यापूर्वी वाचता येईल अशा भाषेत मागून घ्यावा. काही शंका असेल तर पणजीत राज्य सरकारचे एनआरआय व्यवहारांचे कार्यालय आहे. तिथे चौकशी करायला विमानाचे तिकीट काढण्याची वाट पाहू नये.